कर्नल ब्रुव्हाल यांचं हरवलेलं पुस्तक

बाबा गेल्याच्या अठराव्या दिवशी लष्कराच्या एका मुख्यालयातून रजिस्टर पत्र आलं. त्यात चार ओळी दुःखाच्या होत्या आणि अकरा ओळी पुस्तकाच्या.

दुःखाच्या ओळी छापील होत्या. फक्त नाव टाइप केलेलं होतं: सुभेदार तेजराम कापगते, निवृत्त हेडक्लार्क. पुस्तकाच्या ओळी मात्र कोणीतरी मन लावून लिहिल्या होत्या. मुख्यालयात नवा ‘चिंतन-कक्ष’ उभा राहत आहे. त्यातल्या वाचनालयाला दिवंगत सुभेदारांचं नाव ‘आदर्श वाचक’ म्हणून देण्याचं ठरलं आहे. नोंदींनुसार सेवाकाळात त्यांच्या हाताखालून तीनशे बारा व्यावसायिक पुस्तकांचे सारांश गेले. पैकी तीनशे अकरा पुस्तकं कपाटात सापडली. एक सापडत नाही. कर्नल लेनार्ट ब्रुव्हाल, स्वीडन, ‘ऑर्डर्स फ्रॉम द फार एंड’. मुख्यालयाचं सध्याचं नवं चिंतन याच पुस्तकावर उभं असल्याने उद्घाटनाच्या दिवशी ते काचेच्या पेटीत ठेवायचं आहे. कुटुंबीयांकडे असल्यास परत करावं.

मी लाखनीच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. परत न आलेल्या पुस्तकांसाठी पत्रं लिहिणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे पत्राचा रोख लगेच कळला. राग आला नाही. मीही असंच लिहिते.

आईला पत्र वाचून दाखवलं. तिने पुस्तकाचं काही ऐकलंच नाही.

“नाव लागणार हाय म्हणते ना? पूर्ण खोलीले?”

“हो.”

“मंग शोध न ते पुस्तक. इथंच कुठंतरी असंन.”

मी घरात शोधण्याआधी जगात शोधलं, ही सवय. ग्रंथालयांच्या एकत्रित सूचीत ब्रुव्हाल नव्हते. स्वीडनच्या राष्ट्रीय सूचीतही नव्हते. संरक्षणविषयक एका चर्चासत्राच्या निबंधसंग्रहात मात्र ते होते, चौदा ठिकाणी. प्रत्येक निबंधाने दुसऱ्या निबंधाचा हवाला दिला होता आणि ही साखळी मागे मागे जात दोन हजार दहा सालच्या दोन पानी सारांशापाशी थांबत होती. सारांश बाबांच्या पलटणीचा होता.

इथे बाबांच्या वाचनाबद्दल सांगायला हवं.

दोन हजार आठच्या सुमारास त्यांच्या पलटणीत नवे सीओ साहेब, म्हणजे पलटणीचे प्रमुख, आले. परदेशात कोर्स करून आले होते. पुढची लढाई वाचणारेच जिंकणार, हे त्यांना तिकडे कळलं होतं. त्यांनी हुकूम काढला. प्रत्येक अधिकाऱ्याने महिन्याला एक पुस्तक वाचायचं, पंचवीस तारखेपर्यंत दोन पानांचा सारांश द्यायचा, आणि शेवटी ‘नवा विचार’ या मथळ्याखाली किमान एक नवा विचार लिहायचा. विचार नसेल तर कारण लिहायचं.

पुस्तकं आली. ती खराब होऊ नयेत म्हणून लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावण्यात आलं. वीस तारखेपर्यंत कपाटाकडे कोणी फिरकत नसे. बावीस तारखेला एकेक साहेब हेडक्लार्कच्या टेबलाशी येत आणि दुसरीकडे बघत म्हणत, “कापगते साब, वो किताबवाला कागज ज़रा देख लेना.”

बाबा देखत. अधिकारी सतरा होते. म्हणजे दर महिन्याला सतरा सारांश आणि सतरा नवे विचार. किल्ली बाबांकडेच आली, कारण दुसऱ्या कोणाला ती लागतच नव्हती. न वाचता सारांश लिहिणं त्यांना जमत नसे, ही त्यांची एक मर्यादा होती. त्यामुळे ते खरोखर वाचत. सतरा माणसांचे सतरा सूर वेगळे ठेवत. एका कॅप्टनच्या सारांशात ते ठरवून दोन स्पेलिंगच्या चुका ठेवत, नाहीतर कोणाचा विश्वास बसला नसता. एका मेजरचं लग्न ठरलं होतं, तर त्या तीन महिन्यांत त्याचे नवे विचार आशावादी होते. लग्नानंतर ते बाबांनी हळूहळू सावध केले.

सुट्टीवर आले की जेवताना हे सगळं सांगत. आई हसून हसून ताट बाजूला सारायची. ब्रुव्हालचं नाव मात्र त्यांनी कधी काढलं नाही.

मारोतराव काका, बाबांचे धाकटे भाऊ, त्या आठवड्यात वारसाच्या कागदावर सही करायला गावाहून आले. आमचं गाव लाखांदूरच्या रस्त्याला आहे. शेती काकाच करतात. सही झाल्यावर त्यांनीच माळ्यावरची काळी पेटी खाली काढून दिली. पेटीवर पांढऱ्या रंगात बाबांचा नंबर, पद आणि नाव. नावावरून मी हात फिरवला नाही. काका पाहत होते.

आत लोकरी स्वेटर, प्रमाणपत्रं, एक फोटो, आणि सुतळीने बांधलेल्या पाच लांब वह्या. फोटोत बाबा बर्फ उपसायच्या एका अवजड यंत्राला टेकून उभे होते. यंत्रावर पितळी पाटी होती. डोळे बारीक केले तर अक्षरं वाचता येत होती. ‘ब्रुव्हाल’. यंत्र बनवणाऱ्याचं नाव असावं.

पहिल्या वहीच्या खाकी पुठ्ठ्यावर बाबांच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘कर्नल ब्रुव्हाल, प्रकरण १ ते ३’. आत सगळं मराठीत. समासात पेन्सिलीने टिपणं: ‘सीओ साहेबांना सारांश फार आवडला.’ ‘प्र. ४ ते ७ चा सारांश मागितला आहे. ता. २० पर्यंत.’ ‘प्र. ४ अजून लिहायचं आहे.’

मी ते टिपण दोनदा वाचलं. आधी सारांश लिहिला गेला होता. तो आवडला, आणखी मागितला गेला, आणि मग सारांश काढता यावा म्हणून बाबांना पुस्तक लिहावं लागलं होतं. न लिहिलेल्याचा सारांश काढणंही त्यांना जमलं नसावं.

“वाच न,” काका म्हणाले. “काय लिवलं हाय त्यानं?”

मी चौथ्या प्रकरणाची सुरुवात वाचली.

‘कर्नल ब्रुव्हाल म्हणतात: आमच्या प्रांतात एक जुना तलाव आहे. त्याखाली धानाच्या बांध्या उताराने लांबवर गेल्या आहेत. तलावाच्या पाळीत पाणी सोडायची जी मोरी असते, त्या तुडुमावर बसायला माणूस नेमतात. पाणी कधी सोडायचं, कधी थांबवायचं, हे त्याच्या हाती. पण नेमताना एकच अट असते. त्याची स्वतःची बांधी सगळ्यांत शेवटी पाहिजे. वरच्या बांधीवाल्याला तुडुमावर बसवत नाहीत. त्याचं शेत तासाभरात भरतं, आणि मग त्याला सगळीकडे पाणीच पाणी दिसतं.’

“थांब, थांब,” काका म्हणाले. “कोणत्या देशाचा म्हणालीस हा साहेब?”

“स्वीडनचा.”

“तिकडं काय हाय?”

“बर्फ.”

“धान होते?”

“नाही होत, काका.”

“मंग त्याले तुडूम कायले माहीत राहीन?” काकांनी चष्मा काढला. “हे त आपल्या तलावाचं हाय. आज्याच्या टायमापासून आपली बांधी शेवटली, म्हणून तुडुमावर आपलंच घर. मी वर तुडुमाजवळ राहो अन् तेजराम खाली शेवटच्या बांधीत. त्याचे पाय भिजले का तो हाक मारे. हाक आल्याबिगर तुडूम बंद करायचं नाही, असं आमच्या बापानं सांगून ठेवलं होतं. एकदा तो तिथंच धुऱ्यावर झोपला. मी सांजेपर्यंत पाणी सोडून राहिलो. अख्खं गाव शिव्या देत होतं.”

आई हसली. अठरा-वीस दिवसांत पहिल्यांदाच. मग तिने डोळ्यांना पदर लावला आणि चहा ठेवायला गेली.

मी उरलेलं तीन संध्याकाळी वाचून काढलं. पुस्तक चांगलं होतं. हे मी मुलगी म्हणून म्हणत नाही. मुलगी म्हणून मला ते नीट वाचताही आलं नाही. पण ग्रंथपाल म्हणून सांगते. बाबा दोन हिवाळे डोंगरातल्या तळावर होते. तिथून वरच्या चौक्यांना रॉकेल, मोजे आणि पत्रं जात. कागदावर सगळं ‘पोचलं’ असायचं. शेवटच्या चौकीवरचे जवान मात्र दोन महिने ओल्या मोज्यांत. ‘पोचलं’ अशी सही करणारा माणूस तळावर, शेगडीजवळ बसलेला. बाबांचा, म्हणजे ब्रुव्हालचा, उपाय साधा होता. जो सही करतो, त्याचे स्वतःचे मोजे आणि घरची पत्रं शेवटच्या चौकीमार्गे येऊ द्या. त्याची बांधी शेवटी ठेवा. बाकी काही करायची गरज नाही. दोनशे पानं त्याने याच एका गोष्टीचा पाठपुरावा केला होता, आणि कुठेही आवाज चढवला नव्हता.

हेडक्लार्कचा विचार म्हणून हे कोणी वाचलं नसतं. स्वीडिश कर्नलचा म्हणून वाचलं. बाबांनी लष्करात अठ्ठावीस वर्षं काढली होती. कोणत्या नावाने पाठवलं की पोचतं, तो पत्ता त्यांना ठाऊक होता.

मी मुख्यालयाला फोन करून सांगितलं की पुस्तकाबद्दल समक्ष बोलावं लागेल. मग पाचही वह्या आमच्या कॉलेजच्या बाइंडरकडे दिल्या. त्याने लाल कापडी बांधणी केली. घरासाठी झेरॉक्स काढून ठेवली.

पुढच्या मंगळवारी हायवेवरच्या ट्रकांमधून वाट काढत लष्कराची जीप आमच्या गल्लीत शिरली. मेजर अंकुश दळवी. साताऱ्याकडचे, पस्तिशीचे, डोळ्यांखाली काळं. आधी त्यांनी बाबांच्या फोटोला हार घातला, सलाम केला. मग खुर्चीत बसून फाइल उघडली.

“काकू, सुभेदार साहेबांचं नाव आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे,” ते आईला म्हणाले. “तीनशे बारा पुस्तकं. आमच्या कक्षातल्या बारा अधिकाऱ्यांची मिळून तेवढी होत नाहीत.”

“तुमच्या कक्षात काय करतात?” मी विचारलं.

“चिंतन.” त्यांनी हे अवघडून सांगितलं. “काचेच्या भिंती आहेत, म्हणजे विचार मोकळे राहतात. टेबल गोल आहे. जनरलसाहेबांची खुर्ची जरा उंच आहे, पण टेबल गोल आहे. ब्रुव्हालच्या पुस्तकावरून आम्ही ‘दूर-टोक सिद्धांत’ तयार केला. रंगीत पुस्तिका छापली, सगळ्या चौक्यांना पाठवली.”

“पोचली?”

“पोचली. शेवटच्या तीन चौक्या सोडून.” ते थांबले. “तिथली वाटेत आहे. एक वर्ष झालं.”

काका दाराशी बसले होते. ते म्हणाले, “साहेब, तुडुमावर कोणाले बसवलं तुम्ही?”

मेजरांना कळलं नाही. मी सांगितलं, “चौथं प्रकरण. सही करणाऱ्याचे मोजे शेवटच्या चौकीमार्गे यावेत, ते.”

“तो भाग पुस्तिकेत नाही,” मेजर म्हणाले. “पहिल्या मसुद्यात होता. मग समितीचं असं मत पडलं की तो स्वीडनच्या परिस्थितीला लागू आहे, आपल्याकडे नाही.”

मी आतून लाल बांधणीचं पुस्तक आणलं आणि त्यांच्या पुढ्यात ठेवलं. त्यावर यंत्राचा फोटो ठेवला. काही बोलले नाही. ग्रंथालयात मी हेच करते. वाचणाऱ्याच्या आणि पुस्तकाच्या मध्ये बोलू नये.

त्यांनी पंधरा मिनिटं वाचलं. समासातली टिपणं वाचताना मान आणखी खाली गेली. फोटो उचलून उजेडाकडे धरला. चहावर साय आली.

“मॅडम, हे कोणाला दाखवलंत?”

“आईला आणि काकांना.”

“बरं केलंत.” त्यांनी फोटो उलटा ठेवला. “जनरलसाहेबांनी यावर परदेशात भाषण दिलंय. दोन अधिकारी पीएचडी करतायत. भाषणानंतर एक स्वीडिश अधिकारी उठून म्हणाला, मी ब्रुव्हाल सरांचा विद्यार्थी आहे, फार कडक शिकवायचे.”

काका मोठ्याने हसले. मेजरही हसले असते, पण फाइल मांडीवर होती.

“आता पुस्तकच नव्हतं असं म्हटलं,” ते हलक्या आवाजात म्हणाले, “तर चौकशी बसेल. चौकशी गेलेल्या माणसावर बसते, कारण तो उत्तर देत नाही. वाचनालयाचं नाव जाईल. खोटा दस्तऐवज केला असं लिहिलं जाईल. मला ते नकोय. पुस्तक हरवलं असेल म्हणून मी येतानाच एक सोय करून आणली होती, तीच कामी येईल.”

सोय म्हणजे एक फॉर्म होता. गहाळ पुस्तकाचं प्रमाणपत्र. कुटुंबीयांनी सही केली की पुस्तक रीतसर हरवतं. एकदा हरवलं की ते होतं, यात शंका उरत नाही.

“कारण कोणतं लिहू?” त्यांनी पेन काढलं. “पाणी, उंदीर, वाळवी असे पर्याय आहेत. वाळवी बरी. वाळवीला कोणी प्रश्न विचारत नाही.”

“अन् सही केली का नाव लागते?” आईने विचारलं.

“पुढच्या महिन्यात, काकू. संगमरवरी पाटी आहे. तुम्हाला घ्यायला गाडी पाठवतो.”

“मंग कर न सही, रिता. काहून बसली अशी? गेल्या माणसाले काय फरक पडते, पुस्तक होतं का नव्हतं.”

आईचं चूक नव्हतं. तिच्या नवऱ्याचं नाव अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांच्या कागदांखाली ‘तयार करणारा’ म्हणूनही आलं नव्हतं. आता ते दगडात येत होतं. मी सही केली तर बाबा वाचक म्हणून राहतील, कायमचे. नाही केली तर काहीच राहणार नाही, किंवा जे राहील ते चौकशीच्या कागदात. बाबांच्या उशाजवळच्या पुस्तकात अजून त्यांची खूण होती, एसटीचं एक जुनं तिकीट, पान एकशे त्रेचाळीस. ती मी हलवली नव्हती. मला नुसता वाचक चालला असता, जर तो नुसता वाचक असता.

“काय लिवलं हाय त्यात, वाच तरी,” आई म्हणाली.

मी वाचलं. “‘सदर पुस्तक वाचकाच्या ताब्यात असताना त्याच्या निष्काळजीपणामुळे वाळवी लागून नष्ट झाले.’”

आई फॉर्मवर वाकली.

“त्याईच्या निष्काळजीपणामुळं?”

“ती छापील भाषा आहे, काकू,” मेजर म्हणाले. “सगळ्यांनाच तेच असतं.”

“साहेब, ह्या माणसानं मले पुस्तकावर कधी चहाचा कप ठेवू नाही देला. लगन झालं तवा पहिलं भांडण कायचं झालं? मी पानाचा कोपरा मोडला म्हणून. दोन दिवस बोलले नाही. अन् त्याईनं पुस्तक वाळवीले खाऊ घातलं, असं मी म्हणू?” तिने फॉर्म माझ्या हातातून घेऊन मेजरांच्या फाइलवर ठेवला. “खोटं लिवलं म्हणा, ते त्याईचं त्याई पाहून घेतीन. पुस्तक हरवलं म्हणू नोका.”

मेजर दळवी फाइलकडे पाहत राहिले. माझ्या मनात जे आठवडाभर घोळत होतं ते मी आता बोलले.

“तुम्ही पुस्तक न्यायला आलात. हे पुस्तक आहे. घेऊन जा. फक्त मला पोचपावती द्या.”

“पावती कसली?”

“एक पुस्तक मिळालं, अशी. शीर्षक, पानं, बांधणी, लेखक. लेखकाचं नाव पुस्तकावर जे असेल तेच पावतीवर लिहायचं असतं. हा तुमचाच नियम आहे. बाबांनी मला ग्रंथपाल व्हायच्या आधी शिकवला होता.”

त्यांनी पुस्तक उघडलं. पहिल्या पानावर मी छापून घेतलेलं नवं शीर्षकपृष्ठ होतं. ‘दूरच्या टोकाचे हुकूम’. खाली, ‘तेजराम कापगते’.

मेजरांनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. मग उठून अंगणात गेले. काका त्यांच्यामागे पाण्याचा तांब्या घेऊन गेले. खिडकीतून बोलणं ऐकू येत होतं.

“काका, शेवटच्या बांधीला पाणी नाही पोचलं तर काय करता?”

“हाक मारतो.”

“आणि वरच्याने ऐकलीच नाही तर?”

“ऐकते न. त्याची बी बांधी तिथंच हाय.”

मेजर पाणी प्यायले नाहीत, त्यांनी ते हातावर घेऊन तोंडावर मारलं. “मी त्या तीनपैकी एका चौकीवर होतो,” ते म्हणाले. “दोन हिवाळे. मोजे यायचे आम्हाला. कागदावर.”

“मंग आता तुमी तुडुमावर हाय का बांधीत?”

मेजरांनी आत येऊन खिशातून लष्कराचं पावती-पुस्तक काढलं आणि उभ्या उभ्या लिहिलं. प्राप्त: पुस्तक, एक. लाल कापडी बांधणी, पानं दोनशे चार. लेखक: सुभेदार तेजराम कापगते. सही, पद, शिक्का. शिक्का मारताना त्यांनी तो दोनदा शाईत बुडवला, नीट उमटावा म्हणून. मूळ प्रत मला दिली, कार्बन स्वतः ठेवली.

“पुढे काय होईल ते मला माहीत नाही, मॅडम.”

“ते पुस्तकात आहे,” मी म्हटलं.

दोन महिन्यांनी उद्घाटन झालं. आई आणि काका गाडीने जाऊन आले. मला कॉलेजच्या तपासणीमुळे रजा मिळाली नाही, असं मी सांगितलं. त्यांनी फोटो आणले. संगमरवरी पाटी सुंदर होती. तिच्याखाली काचेच्या पेटीत आमचं लाल पुस्तक, आणि पुस्तकापुढे पितळी पट्टी:

‘ऑर्डर्स फ्रॉम द फार एंड. लेखक: कर्नल लेनार्ट ब्रुव्हाल, स्वीडन. मराठी अनुवाद: सुभेदार तेजराम कापगते.’

समितीने तीन बैठका घेऊन तोडगा काढला होता. मराठी मजकूर बाबांचाच, म्हणून पावती खोटी ठरत नव्हती, जनरलसाहेबांचं भाषण खोटं ठरत नव्हतं, स्वीडिश विद्यार्थीही खोटा ठरत नव्हता. सगळे खरे उरले होते. खोटं उरलं ते एकटं पुस्तक, आणि ते कुलुपात होतं.

आईने पाटीचा फोटो फ्रेम करून बाबांच्या फोटोशेजारी लावला. पट्टीचा फोटो ती मला दाखवत नव्हती. मी तिच्या मोबाइलमध्ये पाहिला.

आईबरोबर एक पाकीट आलं होतं. आत मेजर दळवींच्या हातची चिठ्ठी: ‘पावतीवरचं नाव मी बदललेलं नाही. पट्टीवरचं माझ्या हातात नव्हतं. सोबतचा फॉर्म मात्र माझ्या हातात आहे. कृपया विचारपूर्वक भरावा. पुस्तिकेच्या नव्या आवृत्तीत शेवटच्या पानावर जसाच्या तसा छापला जातो, कारण तो भाग समिती वाचत नाही.’

फॉर्म अनुवादित ग्रंथांच्या नोंदीचा होता. मी तो जेवणाच्या टेबलावर काकांसमोर ठेवला.

“अनुवाद म्हणतेत त्याले?” काका म्हणाले. “मंग काय, अनुवाद त केलाच त्यानं. तलावाचा केला.”

मी भरायला घेतला. मूळ भाषा: झाडीबोली. मूळ रचनेचं ठिकाण: गावाचं नाव, तालुका लाखांदूर, जिल्हा भंडारा, तलावाखालची शेवटची बांधी. मूळ लेखक कोण, हा रकाना ‘वरीलप्रमाणे असल्यास तसे लिहावे’ असा होता. वर अनुवादकाचं नाव होतं. मी ‘वरीलप्रमाणे’ लिहिलं. पत्रव्यवहाराचा पत्ता आमचा लाखनीचा दिला. शेवटी प्रश्न होता: मूळ मजकूर वापरण्यास संबंधितांची संमती आहे काय? काकांनी तिथे सही केली, आणि सहीखाली स्वतःहून लिहिलं: ‘तुडुमावरचा.’

रजिस्टर पोस्टाने पाठवून मी पावती बाबांच्या पेटीत ठेवली, मेजरांच्या पावतीशेजारी.

परवा एक आंतर्देशीय पत्र आलं. निळं, कोपरे ओलसर होऊन वाळलेले. पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणून फक्त लष्करी डाकघराचा क्रमांक. वर बॉलपेनने, प्रत्येक अक्षर गिरवून लिहिलेलं: ‘सुभेदार तेजराम कापगते साहेब, लेखक’. आत हिंदीत सहा ओळी. पुस्तिकेची नवी आवृत्ती शेवटच्या चौकीवर पोचली; जुनी अजून वाटेत आहे. बर्फात संध्याकाळी दुसरं काही वाचायला नव्हतं, म्हणून शेवटचं पानही वाचलं. तुडुमवाली गोष्ट पुस्तिकेत नाही. पण मेजर दळवी साहेब, जे मागच्या महिन्यात स्वतः मागून तळावर पुरवठ्याला आले, ते सगळ्यांना सांगतात, आणि त्यांची घरची पत्रं हल्ली आमच्या चौकीवरून त्यांना खाली जातात. पत्रं येऊ लागली आहेत. मोजे वाटेत आहेत. तुम्ही आणखी काय लिहिलं आहे?

आईला वाचून दाखवलं. तिने पत्र हातात घेऊन पत्रावरच्या नावापुढचा तो शेवटचा शब्द बोटाने दाखवला. तिला देवनागरी वाचता येतं, पण तिने मला वाचायला लावलं. मी वाचला.

मग उत्तर लिहायला बसले. बाबा आता नाहीत, हे कळवणं भाग होतं. पहिल्या ओळीत लिहून पाहिलं आणि तो कागद बाजूला ठेवला. नव्या कागदावर ते दुसऱ्या ओळीत लिहिलं. पहिल्या ओळीत मोजे पोचले का, हे विचारलं.